सरांचं नवीन चित्र घेतलं का? बबल रॅप गुंडाळायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

हा कागद बिलासोबत देऊन राहिलो, व्हॉट्सॲपवर पण टाकला आहे, वाचल्याशिवाय फेकू नका. दरवर्षी मार्च संपला की आमच्या फ्रेमच्या दुकानात तेच सुरू होते. कोणीतरी गाडीतून उतरते, मोठ्या मायेनं गुंडाळलेलं चित्र काउंटरवर ठेवते, आम्ही बबल रॅप काढायला जातो तर तो निघत नाही, आणि निघाला तर चित्रावर गोल गोल ठिपके. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, हे काहून झालं?" आणि त्याच्या पुढचा, "याआधीचं तर असंच आणलं होतं, त्याला काही नाही झालं." हे दोन्ही एकदाच नीट सांगून टाकतो.

सर म्हणजे कोण हे ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा इकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, आणि छापील कागदावर नाव टाकलेलं त्यांना आवडत नाही म्हणून टाकलं नाही. तुमच्यापैकी डॉक्टर मंडळी, राइस मिलवाले, कॉलेजवाले असे बरेच जण पहिल्यापासून त्यांची चित्रं घेऊन राहिले. चांगला शौक आहे. दहा जणांची एकेक चित्रं घेण्यापेक्षा एकाच माणसाचं काम वर्षानुवर्षं घेतलं तर तो आधी काय काढत होता अन् आता काय काढते हे घरबसल्या दिसते. सर आधी झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे, मग कागदावर वॉटरकलर आले, बोड्या (लहान तळी), धानाचे बांध, मोहाची झाडं. त्यानंतर ऑइलमधे बाजार आणि माणसं. मग हळूहळू माणसं गेली, नुसते मातकट पट्टे राहिले. आणि आता गेल्या काही वर्षांत मोठाले कॅनव्हास, ऍक्रिलिक, त्यात मोल्डिंग पेस्ट (थर जाड करायची लुगदी), शेतातली चाळलेली माती, तणसाचे (धानाच्या वाळल्या काड्यांचे) बारीक तुकडे, सुरीनं ओढलेला बोटभर जाड थर.

यातला स्टाइलचा बदल तुम्ही बरोबर पकडता, दुकानात उभं राहून तास तास बोलता, आम्हालाही ऐकायला बरं वाटते. पण चित्रासोबत रंगाचा डबा पण बदलला हे कोणी लक्षात घेत नाही, आणि आमचा सगळा वेळ तिथंच जाते.

हे काही आपल्या सरांचंच आहे असं नाही. चित्रकार एस. एच. रझा घ्या, मंडला जिल्ह्यात जन्मले, १९३९ ते १९४३ नागपूरच्या आर्ट स्कूलमधे शिकले, १९५० मधे पॅरिसला गेले. त्यांची पन्नासच्या दशकातली निसर्गचित्रं बरीचशी ऑइलची, आणि नंतरची बिंदूची चित्रं पाहाल तर खाली लिहिलेलं दिसते, ऍक्रिलिक ऑन कॅनव्हास. माणूस तोच, सही तीच, पण दोन्ही चित्रं सांभाळायची रीत एक नाही. चित्रकार प्रभाकर बरवे तर कॅनव्हासवर इनॅमल पेंट वापरायचे. नागपुरात १९२४ मधे जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे ऑइलवरच राहिले, पण रोलर आणि पॅलेट नाइफनं थरावर थर चढवायचे. त्यांचं एक चित्र २०१३ मधे मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखाला गेलं, ती बातमी आली तेव्हापासून आमच्याकडे "सरांचं पण वाढेल ना हो" विचारणारे वाढले. वाढेल का ते आम्हाला माहीत नाही, पण ठिपके पडलेलं वाढणार नाही एवढं नक्की.

आता बबल रॅपचं

ऑइल कलर हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते. हाताला लागणं आठ-पंधरा दिवसांत थांबते पण आतून पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागते, जाड असेल तर अजून जास्त. पण एकदा पक्कं झालं की ते परत मऊ होत नाही. म्हणून तुमचं बाजारवालं जुनं चित्र बबल रॅपमधे आलं तरी सुखरूप राहिलं, ते रॅपमुळे नाही, रंगामुळे. ऍक्रिलिकचं उलटं आहे. त्यातलं पाणी उडालं की झालं, तासाभरात हात लावता येते, त्यामुळे सगळ्यांना वाटते हा पक्का रंग. पण ते एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, साध्या हवेत पण किंचित मऊ असते आणि गरमी वाढली की गुळासारखं चिकट व्हायला लागते, डोळ्याला दिसत नाही पण वर काही टेकलं तर धरून ठेवते. आणि आपल्याकडे गरमी म्हणजे काय हे मी सांगायला नको, मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जाते, उन्हात काच बंद करून उभ्या केलेल्या गाडीत ते सहज ६० च्या पुढं. अशा डिक्कीत बबल आतल्या बाजूला करून, वरून सेलोटेपनं आवळून, नागपूरहून उमरेड-भिवापूर-नागभीड मार्गे चित्र आणायचं, मधे जेवायला थांबायचं, गाडी उन्हात. बबलचा एकेक गोळा रंगात बसते. मग तो निघत नाही, आणि ओढला तर रंगाचा पापुद्रा घेऊन निघते.

बबल बाहेरच्या बाजूला केला तर चालेल का, हे पण खूप जण विचारतात. ठिपके नाही पडणार, पण सपाट प्लास्टिक अख्खं चिकटेल, ते वेगळं. वर्तमानपत्र तर बिलकुल नको, एकानं गुंडाळलं होतं, आठवड्याचे बाजारभाव चित्रावर उलटे छापून आले. साध्या बटर पेपरवर पण भरवसा ठेवू नका. साडी, चादर, ब्लँकेट यांचे धागे चिकटतात, आणि आता सरांच्या चित्रात तणस असते त्यात ते असे अडकतात की आमचा पोरगा चिमट्यानं दुपारभर बसते.

बरोबर पद्धत एकच आहे, चित्राच्या पुढच्या बाजूला काहीच टेकू नये. कॅनव्हासपेक्षा मोठा खोका, चारही कोपऱ्यांना जाड स्पंजचे तुकडे, चित्र मधे अधांतरी, मग वरून पाहिजे तेवढा बबल रॅप खोक्याला गुंडाळा, आम्ही काही बोलणार नाही. खोका नसेल आणि अगदीच आणायचं असेल तर केक-बिस्किटाच्या ट्रेमधे घालतात तो सिलिकॉनवाला कागद समोर सैल धरा, आवळू नका, आणि डिक्कीत नाही तर मागच्या सीटवर एसीत उभं ठेवा. सकाळी सहाला निघा, दहाच्या आत पोचा. चित्रावर दुसरं चित्र पालथं घालून आणणाऱ्यांना तर काय सांगावं.

असे खोके आम्ही बनवून ठेवले आहेत, चार साइजमधे, डिपॉझिट भरून न्या, परत आणलं की पूर्ण डिपॉझिट परत. फ्रेम आमच्याकडे करणार असाल तर खोक्याचं भाडं घेत नाही. काही जणांना वाटते हा पैसे काढायचा धंदा आहे. खोटं कशाला बोलू, खोका नेलेला माणूस फ्रेम पण आमच्याकडेच करते. पण ठिपके पडलेलं चित्र आलं की त्याच्यावर आमचे दोन दिवस जातात, त्याचं बिल कसं लावायचं ते अजून आम्हाला जमलं नाही.

चिकटलंच तर

ओढू नका. एवढं एक ऐकलं तरी पुष्कळ झालं. चित्र आहे तसं घरात घ्या, आडवं ठेवा, पंखा किंवा एसी लावा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी फोन करा. फ्रिजमधे ठेवू का असं विचारणारे भेटले आहेत, नका ठेवू, फार गार झालं की ऍक्रिलिक कडक होऊन तडकते. हेअर ड्रायर तर हातात पण घेऊ नका. आम्ही दुकानात थोडं थोडं थंड करत एका कोपऱ्यापासून सावकाश काढतो, पण ठिपका पडला तो पडला, त्याच्यावर आम्ही ब्रश फिरवत नाही, कितीही म्हणा.

मग लोक म्हणतात सर आहेतच ना, त्यांच्याकडूनच करून घेऊ. करतील की, माणूस भिडस्त आहे, नाही म्हणत नाही. पण विचार करा, तुमचं चित्र सात-आठ वर्षांपूर्वीचं आणि हात आजचा. आज ते सुरी जशी ओढतात तशी तेव्हा ओढत नव्हते, रंगात माती पण तेव्हा कमी असायची. त्यांनी ठिपके बुजवायला घेतलं की अर्ध चित्र आजचं होऊन जाते, आणि तुम्ही तर सगळी वर्षं ओळीनं जमवून राहिले. दुरुस्ती अगदी करायचीच असेल तर आधीचा फोटो काढा, काय बदललं ते मागं तारखेसह लिहून घ्या, लपवू नका.

"पहिल्यासारखीच फ्रेम लावा"

हे दुसरं. सगळी चित्रं एका हॉलमधे लावायची म्हणून सगळ्यांना तीच सोनेरी पट्टी, तोच माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), तीच काच पाहिजे असते. जुन्या वॉटरकलरला काच लागते, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून माउंट लागते, नाही तर पावसाळ्यात आत ओल धरून कागद काचेला चिकटते, बुरशी येते. माउंट ऍसिड-फ्री घ्या, स्वस्तातला काही वर्षांत पिवळा पडून कागदावर तपकिरी पट्टा सोडते. ऑइलला काच नको. आणि नवीन जाड कामाला काच टेकली तर बबल रॅपचीच गोष्ट परत सुरू. त्याला आम्ही फ्लोटर फ्रेम सुचवतो, म्हणजे कॅनव्हासच्या कडा मोकळ्या राहतात आणि चारही बाजूला बोटभर सांद. सर आता कडा पण रंगवतात, त्या पट्टीखाली दाबल्या तर त्यांनी रंगवल्या कशाला? धूळ फार असेल, रोडवरचं घर असेल, तर खोल बॉक्स फ्रेम करून काच दूर बसवता येते, महाग पडते पण येते.

एकसारखेपणा पाहिजेच असेल तर लाकूड एक ठेवा. आमच्याकडे बल्लारशा डेपोचा सागवान आहे, वाळवलेला, पॉलिश तुम्ही म्हणाल तसं. पट्टीची जाडी-खोली वेगळी पण लाकडाचा रंग एक, हॉल एकसारखा दिसते. रेडिमेड पट्टी पण ठेवतो, तिला नावं ठेवत नाही, पण दोन पावसाळ्यानंतर तिचे कोपरे कसे उघडतात ते दुकानात लावून ठेवलं आहे, येऊन पाहा. आणि वाळवी कोणत्या भिंतीला आहे ते आम्हाला आधी सांगा, लाजू नका, इकडं सगळ्यांकडे आहे.

मागची बाजू

सर कॅनव्हासच्या मागं वर्ष लिहितात, कधी नाव, आणि आमच्या मागं लागण्यामुळे आता रंग कोणता ते पण लिहायला लागले. ते पुसू नका, त्यावर सेलोटेप, डबल टेप, देवाचं स्टिकर काही लावू नका. आम्ही बॅकिंग (फ्रेमची मागची बाजू) बंद करायच्या आधी मागचा फोटो काढून त्याची प्रिंट बाहेरून चिकटवतो, फ्री आहे. जुनी फ्रेम उघडायला आणली तर जुना बॅकिंग कागद पण परत देतो, कचरा म्हणून फेकू नका, काही जुन्या चित्रांचं वर्ष फक्त त्याच कागदावर लिहिलेलं आहे. तुमच्या हॉलमधे कोणतं आधी आणि कोणतं नंतर यावरून घरात वाद होतात ते आम्ही ऐकतो, त्याचं उत्तर मागं असते.

आम्ही चित्र घेताना जो फॉर्म भरून घेतो, रंग कोणता, किती जाड, सरांकडून कधी उचललं, त्याचा काहींना कंटाळा येते. आठवत नसेल तर मागं पाहा, नाही तर सरांना फोन लावा, ते सांगतात. ऑइलचं चित्र कालच उचललं असेल तर आम्ही ते वाळेपर्यंत फ्रेम करणार नाही, लग्नात गिफ्ट द्यायचं असलं तरी. लग्नाला रिकामी फ्रेम न्या, असं आम्ही एकदा खरंच सांगितलं आहे आणि त्यांनी खरंच नेली.

कूलर

चित्र कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावू नका. एप्रिल ते जून रोज ओली हवा खाऊन कॅनव्हास ढिला होते, मग जुलैत तुम्ही म्हणता फ्रेम खराब निघाली. मागं स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीच्या) कोपऱ्यात लाकडी पाचरी असतात, त्या ठोकून ताणता येते, आणा, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. स्वतः ठोकू नका. पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर वॉटरकलर नको, रंग उडते. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं किंवा काच पुसायचं लिक्विड चित्राला लावू नका, मऊ कोरडा ब्रश वरून खाली फिरवा, आणि नवीन मातीवाल्या कामाला तोही नको. थोडी माती गळणारच, खाली पडलेली गोळा करून दुकानात आणायची गरज नाही.

मे महिन्यात दुकान सकाळी सातला उघडतो आणि चित्रं अकरापर्यंतच घेतो, त्यानंतर आलात तर चहा मिळेल, चित्र संध्याकाळी सहानंतर गाडीतून काढू. नागपूरहून आणायचं असेल तर आमचा टेम्पो महिन्यातून दोनदा जाते, रात्री निघून पहाटे परत, खोके आमचेच, दोन-तीन जणांनी मिळून सांगितलं तर भाडं वाटून घेता येते. खोका परत करताना कोपऱ्यातले स्पंज काढून ठेवू नका, मागच्या वेळी बरेच स्पंज घरोघरी भांडी घासायला गेले.