हबवरचा गंज आणि स्टिअरिंगची थरथर

ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमधलं निदान ठरलेलं: ‘डिस्क बेंड झाली,’ म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती वाकली. घाट उतरून तापलेली डिस्क डबक्यातल्या पाण्यात गेली आणि वाकली, हे स्पष्टीकरणही सोबत मिळतं. हे निदान इतकं रुळलं आहे की नवी डिस्क घालून काही हजार किलोमीटरांत तीच थरथर परत आली, तरी दोष नव्या डिस्कलाच दिला जातो. खरोखर वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेक वेळा ती सपाटच असते, पण तिरकी बसलेली असते. कारण हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाच्या, तोंडावरचा गंज कोणी काढलेलाच नसतो.

डिस्क बिडाची असते. या बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. उष्णता पसरवायला आणि कंप जिरवायला हे पापुद्रे उत्तम. पण ग्रॅफाइट आणि लोखंड एकमेकांना चिकटलेले आणि वर खारं पाणी, म्हणजे शाळेत शिकलेला विद्युतघट तयारच. त्यात झिजतं ते लोखंड. कोकणात खारं पाणी शोधायला जावं लागत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कारण सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपुढे गेली की सोडियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून विरघळतं. समुद्राच्या तुषारांतल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते, त्यामुळे मालवण-गुहागरकडच्या गाडीवर बसलेलं मीठ पाऊस संपल्यावरही ओलसर राहतं. गणपतीला मुंबईहून आलेली गाडी दहा दिवस खळ्यात उभी राहिली की डिस्कवर चढलेला तांबूस थर पहिल्या काही ब्रेकांतच पुसला जातो. डिस्क आणि हबच्या मधला गंज मात्र कशानेच घासला जात नाही. मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेत तो तिथे फुगत राहतो.

आता थोडं गणित. हबच्या तोंडाचा व्यास १४० मिमी धरू आणि त्याच्या कडेला ०.०५ मिमी जाडीचा गंजाचा कण राहिला आहे असं समजू. डिस्क त्या कणावर टेकून तिरकी होते. ब्रेकचे पॅड डिस्कवर घासतात तिथला व्यास २४० मिमी असेल, तर तिथे डोलणं ०.०५ × २४० ÷ १४०, म्हणजे सुमारे ०.०८५ मिमी. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या एका कणाने ती जवळजवळ संपवली.

गंमत अशी की हे डोलणं पहिल्या दिवशी पायाला जाणवत नाही. छोट्या गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे पिस्टनने दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, पिनांवर सरकणारा असतो. डिस्क डावी-उजवीकडे झाली तर तोही तिच्याबरोबर सरकतो. खरं नुकसान ब्रेक न दाबता गाडी चालवताना होतं. तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्यात बाहेरच्या पॅडला एका जागी आणि आतल्या पॅडला बरोबर समोरच्या जागी चाटून जाते. १४ इंची रिमच्या चाकाचा घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे १००० किलोमीटरना पाच लाखांवर फेरे. चाटलेल्या दोन्ही जागा झिजून पातळ होतात. डोलणाऱ्या डिस्कबरोबर कॅलिपर सरकू शकत होता, पण जाडीच बदलली की त्याचा इलाज चालत नाही. जाड भाग पिस्टनला मागे ढकलतो, ऑइलचा दाब वाढतो. पातळ भाग आला की दाब घटतो, आणि त्याबरोबर ब्रेकची पकडही खालीवर होते. जाडीत ०.०२ मिमीचा फरक पुरतो. ८० च्या वेगात चाक सेकंदाला ११ फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात दोन पातळ जागा, म्हणजे २० च्या वर झटके. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या नैसर्गिक कंपनाशी ते ज्या वेगाला जुळतात, तिथे थरथर सर्वाधिक.

म्हणूनच घरी डिस्क-पॅड बदलताना निम्मा वेळ हब साफ करण्यात गेला पाहिजे. सपाट, कडक जमीन हवी. चाकाचे नट गाडी खाली असतानाच पाव फेरा ढिले करायचे, मग जॅक, मग स्टँड. स्टँडऐवजी जांभ्याचे चिरे रचू नका. चिरा कडेला भार आला की सूचना न देता फुटतो. कॅलिपर सुटल्यावर तो ब्रेक होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, स्प्रिंगला तारेने टांगायचा. कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की डिस्क मोकळी, निदान पुस्तकात तरी. किनाऱ्यावर ती हबला धरून बसते. बऱ्याच डिस्कना आटे असलेली दोन भोकं असतात, बहुधा ८ मिमी बोल्टची. दोन्हींत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे पिळले की डिस्क सुटून बाहेर येते.

मग हबचं तोंड वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) बुडाशी आणि मधल्या गोल कडेला, धातू चमकेपर्यंत घासा. तोंडाला ग्रीस थापायचं नाही. मधल्या कडेवर ग्रीसचं पुसट बोट पुरे. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने धुवा. डिस्क बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, डायल गेज (डोलणं मोजणारं काट्याचं मापक) बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत लावून एक पूर्ण फेरा फिरवा. काटा मर्यादेबाहेर गेला तर डिस्क एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजा.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. पातळी वर येते आणि सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा; साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकते. ब्रॅकेटवर स्टीलच्या क्लिपांखाली साचलेला गंजही खरवडायचा, नाहीतर नवे पॅड आवळून बसतात. डिस्क आणि पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना, आणि जोडीनेच. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलेली गाडी पहिल्या वळणाला थांबत नाही.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल फवारण्याची पद्धत किनाऱ्यावर आहे. चासीचं काय ते असो, पॅडवर उडालेलं ऑइल निघत नाही, पॅड फेकावे लागतात. दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडायला हरकत नाही, पण पूजेसाठी धुतलेली गाडी ओल्या डिस्कांसह उभी करू नका. आधी एक चक्कर मारून ब्रेक वाळवा. लिंबाने गंज थांबत नाही. भोकं पाडलेल्या ‘स्पोर्ट्स’ डिस्कनेही नाही. त्या भोकांत मीठ छान साठतं.

नव्या जोडीला मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक द्या, मधे हवा लागू द्या, आणि तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहू नका. पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि जाडीतला फरक तिथूनच सुरू होतो. चाकाचे नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा; एअर गनने कमीजास्त आवळलेले नटही डिस्क तिरकी करतात.

जुनी डिस्क भंगारात देण्याआधी मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी जाडी मोजा. आकड्यांत ०.०२ मिमीहून अधिक फरक निघाला, तर थरथर तिथूनच येत होती. आठही सारखे आले, तर आता सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट तपासा.