गेमचे पैसे मोजल्यावर पदरात काय पडतं?

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने 'द क्रू' या कार-शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. २०१४ साली आलेला हा गेम एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागायचं. त्यामुळे ज्यांनी दुकानातून डबा आणला होता, त्यांची डिस्कसुद्धा त्या दिवसानंतर निरुपयोगी झाली. युबिसॉफ्ट पुण्याला परकी नाही. २००८ मध्ये गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ तिने घेतला. 'इंडस' हा गेम बनवणारी सुपरगेमिंगही पुण्यातलीच. म्हणजे गेम घडवणारे आणि पैसे मोजून खेळणारे, दोघेही याच शहरात राहतात. विकलेली वस्तू कंपनीने परत काढून घ्यावी, इथवर गोष्ट कशी आली हे दोघांनाही ठाऊक असायला हवं.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी घरोघरी आल्या. कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि परत खोचायची. लेबलवर '९९९९ इन १' छापलेलं असायचं. यादी खाली सरकवत गेलं की तेच मारिओ, तेच कॉन्ट्रा नवी नावं घेऊन पुन्हा पुन्हा समोर यायचे. ती फसवणूकच होती आणि माल बहुतेक नकली होता. पण कॅसेट तुमची असायची. मित्राला द्या, अदलाबदल करा, विकून टाका, कुणाला विचारायची गरज नव्हती.

अमेरिकेत त्याआधीच दर्जाचा प्रश्न हातघाईवर आला होता. १९८२ मध्ये अटारी या गेम कंपनीने 'ई.टी.' हा गेम जेमतेम पाच आठवड्यांत बनवून घेतला आणि नाताळच्या बाजारात उतरवला. निकृष्ट गेमचा असा पूर आला की लोकांनी खरेदीच थांबवली. १९८३ मध्ये अटारीचा न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरूनही काढला. पुढे १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरली ती डब्यावर दर्जाचा शिक्का मारूनच. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला तर अख्खा धंदा बसतो, हे प्रकाशकांना तेव्हा कळलं.

माझ्या मते खरं वळण आलं २००४ मध्ये. व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ २' हा गेम डिस्कवर विकत घेतला तरी खेळण्यासाठी स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेम-सेवेवर खातं उघडून इंटरनेटवरून तो सुरू करून घ्यावा लागे. सोय मोठी होती, हे मान्य करायलाच हवं. डिस्क हरवण्याची भीती गेली, दुरुस्त्या घरबसल्या मिळू लागल्या. मात्र खात्यात जमा होत गेला तो खेळण्याचा परवाना. कॅसेट मित्राला देता यायची, परवाना देता येत नाही, आणि तो रद्दही होऊ शकतो.

त्यानंतर पैसे काढण्याच्या वाटा वाढत गेल्या. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकायला आलं, तेव्हा लोक चिडले होते. २०१७ च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'पर्यंत प्रकरण लूट बॉक्सवर, म्हणजे गेममधल्या बंद पेट्यांवर, पोहोचलं. आत काय निघेल ते नशिबावर, पैसे मात्र आधी. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं.

पैसे परत मिळण्याची कथा जास्त शिकवणारी आहे. स्टीमच्या अटींत परताव्याला जागाच नव्हती. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. आम्ही परदेशी कंपनी, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही, असा व्हॉल्व्हचा पवित्रा होता. कोर्टाने तो मानला नाही आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, स्टीमने जगभर परतावा सुरू केला: खरेदीपासून चौदा दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. आज आपण ही सोय गृहीत धरतो. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' जुन्या कन्सोलवर धड चालेना, तेव्हा प्लेस्टेशन हे कन्सोल बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून पैसे परत देऊ केले. तोवर अपेक्षा तेवढी रुजली होती.

'द क्रू' बंद पडल्यावर एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. युरोपीय नागरिक-याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. प्रकाशक म्हणतात, सर्व्हरला खर्च येतो. येतोच. पण सर्व्हर कायम चालवा, असं मोहीम म्हणतच नाही. सर्व्हरचा आधार काढताना गेम खेळता येण्याजोगा ठेवून जा, एवढीच मागणी आहे आणि मला ती पूर्ण रास्त वाटते. आरडाओरड्यानंतर 'द क्रू २'साठी ऑफलाइन खेळण्याची सोय खुद्द युबिसॉफ्टनेच जाहीर केली, म्हणजे ते अशक्य नव्हतं. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून, हातात फक्त परवाना पडणार असेल तर तसं खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावं लागतं.

आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. पुढच्या वर्षी त्याची भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, तेव्हा जुना डेटा नव्या गेममध्ये नेण्याची मुभा तो आणणाऱ्या क्राफ्टन कंपनीने काही काळ दिली. कंपनीने मुभा दिली म्हणून विकत घेतलेल्या स्किन्स, म्हणजे पात्रांचे आणि शस्त्रांचे पेहराव, वाचल्या.

हक्काची भाषा मात्र पुण्याला जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात इथेच केली आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे त्या चळवळीचा मोठा रेटा होता. २०१९ च्या नव्या कायद्याने ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनंही घेतली. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून पुणेकराला तिकडे धावावं लागत नाही. २०२३ मध्ये केंद्राने ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीचे तेरा प्रकार अनुचित ठरवले. सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हा त्यातलाच एक.

गेम कायमचा बंद करण्याबद्दल मात्र आपल्याकडे वेगळं कलम नाही. तशी तक्रार सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा याच कलमांखाली न्यावी लागेल. खरेदीची पावती, स्टोअरच्या पानाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट आणि सर्व्हर बंद होण्याची सूचना जपून ठेवलेली असेल, तरच ती आयोगापुढे टिकण्याची आशा.