ग्रीन नव्हता म्हणून, की बोगट नव्हता म्हणून?

२०१६ च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ड्रेमंड ग्रीनवर बंदी आली नसती तर त्याचा संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स जिंकला असता. त्या मोसमात या संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. सात सामन्यांच्या फायनलमध्ये ते क्लीव्हलँड कॅव्हलियर्सपेक्षा ३-१ ने पुढे होते आणि तिथून ओळीने तीन सामने हरले. फायनलमध्ये ३-१ ची पिछाडी भरून काढणारा क्लीव्हलँड हा पहिलाच संघ.

बंदी खरी होती. पण ज्या पाचव्या सामन्यात ग्रीन नव्हता, त्याच सामन्यात वॉरियर्सचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) अँड्र्यू बोगट जखमी होऊन बाहेर गेला आणि पुढे त्या मालिकेत खेळलाच नाही. एकाच रात्री एकाच संघाची दोन माणसं कमी झाली, त्यामुळे या दोन गैरहजेऱ्यांची सरमिसळ होते आणि सगळं खापर ग्रीनच्या बंदीवर फुटतं. मला हे पटत नाही.

आधी ग्रीन. चौथ्या सामन्यात त्याची क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सशी झटापट झाली. लीगने नंतर तो फ्लेग्रंट (गंभीर स्वरूपाचा) फाउल ठरवला, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, अशा फाउलबद्दल साठलेले त्याचे पॉइंट चार झाले आणि नियमाप्रमाणे एका सामन्याची बंदी आली. निर्णय आदल्या दिवशीच कळला होता. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याच्या जागी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवलं. ग्रीन त्या वर्षीचा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, त्यामुळे तो नसल्याची बातमी जगभर झाली. नुकसान मोठं होतंच, पण त्याची मुदत ठरलेली होती : एक सामना. सहाव्या सामन्यात तो परत आला.

बोगटचं तसं नव्हतं. पाचव्या सामन्यात हाफटाइमला ६१-६१ अशी बरोबरी होती. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच क्लीव्हलँडच्या जे. आर. स्मिथचा लेअप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) अडवताना बोगट खाली आला आणि स्मिथ त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडला. दुसऱ्या हाफमध्ये क्लीव्हलँडने ५१ गुण केले, वॉरियर्सने ३६. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. बोगट पहिल्या हाफमध्येही बराच वेळ बाकावर होता, आणि लेब्रॉन व कायरी अर्व्हिंग या दोघांनी त्या दिवशी प्रत्येकी ४१ गुण केले. असा खेळ कोणत्याही संघाला जड गेला असता.

मग बोगट नसल्याने नक्की काय बिघडलं? त्याचे आकडे पाहून कळणार नाही. त्या मोसमात त्याची सरासरी ५.४ गुण आणि ७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू), तीही सामन्याला जेमतेम वीस मिनिटं खेळून. त्याच संघातल्या स्टेफ करीची सरासरी ३०.१ गुण. पण करीचे थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) कसे मोकळे होत, ते पाहा. करी चेंडू दुसऱ्याकडे देऊन कडेने पळतो. वाटेत सात फुटी बोगट पाय रोवून उभा असतो. करीच्या मागचा बचावपटू त्याच्या खांद्यावर आदळतो आणि अर्धं पाऊल मागे पडतो. करीला तेवढं अंतर पुरतं. स्कोअरशीटवर तीन गुण करीच्या नावावर, असिस्ट पास देणाऱ्याच्या नावावर. बोगटच्या रकान्यात काहीच नाही. बचावातही तसंच. त्याने केलेला ब्लॉक मोजला जातो, पण तो बास्केटखाली दिसला म्हणून ज्याने ड्राइव्ह (बास्केटकडे मारलेली मुसंडी) अर्ध्यात सोडला आणि चेंडू बाहेर फेकला, त्याची नोंद कुठे होत नाही.

हे काम कोणाच्या तरी गळ्यात पडणारच होतं. सहाव्या सामन्यात कर यांनी ठेंगणी पाचजणांची फळी उतरवली, ग्रीन सेंटरला. हीच फळी एरवी सामन्यात काही काही मिनिटं येऊन प्रतिस्पर्ध्याचा धुव्वा उडवायची. इथे तिला सुरुवातीपासून ओझं वाहावं लागलं, त्यात इग्वोडालाची पाठ आखडलेली. पहिल्या क्वार्टरअखेर क्लीव्हलँड ३१-११ ने पुढे. त्यांच्या ट्रिस्टन थॉम्पसनने १६ रिबाउंड घेतले आणि सहाच्या सहा शॉट बास्केटमध्ये टाकले. तो काही दूरवरून शॉट मारणारा खेळाडू नव्हे. हे गुण बास्केटच्या अगदी जवळचे, म्हणजे बोगट जिथे उभा राहायचा तिथलेच. आणि या सामन्यात ग्रीन कोर्टवर होता. त्याची बंदी हेच मूळ कारण असतं, तर हा सामना असा जायला नको होता.

सातव्या सामन्यात वॉरियर्सचा राखीव खेळाडू फेस्टस इझेली सेंटरला सुरुवात करायला आला. एकही गुण न करता परतला. ग्रीनने ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट अशी आयुष्यभर सांगावी अशी कामगिरी केली, पण त्यासाठी तो ४८ पैकी जवळपास ४७ मिनिटं कोर्टवर होता. शेवटची साडेपाच मिनिटं उरली असताना वॉरियर्स ८७-८३ ने पुढे होते. तेव्हा थ्री मारायला गेलेल्या लेब्रॉनवर इझेलीने फाउल केला. त्याबद्दल मिळालेले एकेक गुणाचे तिन्ही फ्री थ्रो आत. लगेच पुढे लेब्रॉनने इझेलीच्याच डोक्यावरून थ्री मारला आणि क्लीव्हलँड ८९-८७ ने पुढे गेलं. वॉरियर्सनी बरोबरी केली, पण त्यानंतर त्यांना एकही गुण करता आला नाही. सामना ९३-८९.

बोगट धडधाकट असता तर त्या क्षणी कर यांनी त्यालाच उतरवलं असतं, असं मी म्हणणार नाही. कडेला लेब्रॉनसमोर एकटं उभं राहणं हे त्याचंही बळ नव्हतं. पण आधीच्या चाळीस-बेचाळीस मिनिटांत त्याने दहा-बारा मिनिटं जरी सांभाळली असती, तर ग्रीनला श्वास घ्यायला मिळाला असता आणि इझेलीवर इतकी भिस्त ठेवावी लागली नसती. चार गुणांनी गेलेल्या सामन्यात हे थोडं नव्हे.

त्याच उन्हाळ्यात नव्याने संघात घेतलेल्या केव्हिन ड्युरांटच्या पगारासाठी लीगच्या पगारमर्यादेत जागा करताना वॉरियर्सनी बोगटला डॅलसच्या संघाकडे पाठवलं. पुढच्या मोसमात त्याची मिनिटं झाझा पाचुलिया आणि जाव्हेल मॅगी यांनी वाटून घेतली, आणि वॉरियर्स २०१७ चे विजेते ठरले.