घनश्याम सुंदरा कुणाची? पारंपरिक गाण्यांवरच्या दाव्यांची पार्श्वभूमी

गणेशोत्सवात पुण्यातली मंडळं आरतीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात आणि त्यांतल्या काहींवर कॉपीराइटचा ‘क्लेम’, म्हणजे मालकीचा दावा, येऊन बसतो. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही समर्थ रामदासांची, म्हणजे सतराव्या शतकातली आरती. तिच्या शब्दांवर आज कुणाचाही मालकीहक्क नाही. तरी क्लेम येतो, कारण यूट्यूबची यंत्रणा कंपन्यांनी जमा केलेल्या ध्वनिमुद्रणांशी आवाज ताडून पाहते. मागे एखाद्या कंपनीची आरती वाजत असेल तर दावा रास्त असू शकतो. कार्यकर्त्यांनी स्वतः टाळ-झांजांवर म्हटलेल्या आरतीवर तो आला, तर मात्र तो सरळ चुकीचा आहे आणि त्याला हरकत घ्यायलाच हवी.

या गुंत्याचं उत्तम उदाहरण पुण्याचंच आहे. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही भूपाळी पेशवाईच्या अखेरच्या काळातली. होनाजी रचत आणि बाळा करंजकर गात, म्हणून जोडीचं नाव होनाजी बाळा. आज घराघरांत ती ज्या चालीत म्हणतात ती व्ही. शांताराम यांच्या १९५१ च्या ‘अमर भूपाळी’तली, संगीतकार वसंत देसाई. शब्द कधीच मोकळे झाले. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना आपला कायदा प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण देतो, ती मुदतही उलटली. चालीचा हिशेब वेगळा: संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वसंत देसाई १९७५ साली गेले, म्हणजे चाल २०३५ अखेरपर्यंत संरक्षित. आणि उद्या कुणी ही भूपाळी नव्याने मुद्रित केली, तर त्या मुद्रणावर पुन्हा नवा हक्क. एका गाण्यावर असे थर चढतात आणि वरच्या थराचा धनी अनेकदा सगळ्या गाण्यावर हात ठेवतो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल जानेवारी १९५८ पासून. सुरुवातीला लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं संरक्षण होतं. रवींद्रनाथांचं साहित्य १९९१ अखेरीस खुलं होणार असं दिसल्यावर ही मुदत ६० वर्षांवर नेली गेली. धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यातच सूट आहे. लोकगीतांसाठी मात्र वेगळी तरतूदच नाही. रचणारा माहीत नाही, म्हणजे गाणं सगळ्यांचं. पण त्याची नवी बांधणी करणाऱ्याला त्या बांधणीपुरता हक्क मिळतो, आणि मेख इथेच आहे.

परदेशातला सर्वांत गाजलेला खटला याच मेखेवर लढला गेला. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला त्याच १८९३ साली अमेरिकेत पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींचं ‘गुड मॉर्निंग टू ऑल’ छापलं गेलं. त्याच चालीवर पुढे ‘हॅपी बर्थडे’ रूढ झालं. १९३५ च्या एका नोंदणीच्या आधारावर वॉर्नर-चॅपल ही संगीत प्रकाशन कंपनी या गाण्याचे पैसे घेत राहिली. २०१५ मध्ये न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी ठरवलं, की ती नोंदणी पियानोच्या विशिष्ट बांधणीपुरती होती. शब्दांवर कंपनीचा हक्क शाबित होत नाही. पुढे १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. इतकी वर्षं पैसे भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो कागद उघडून पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट्या दिशेनेही अन्याय होतो. २०२० मध्ये रॅपर बादशाहचं ‘गेंदा फूल’ हे गाणं आलं. त्यातल्या बंगाली ओळी लोकगीत म्हणून घेतलेल्या होत्या. त्या बीरभूमच्या रतन कहार यांच्या आहेत, आणि ते हयात आहेत, हे लोकांनी दाखवून दिलं. मग बादशाहने त्यांना पाच लाख रुपये पाठवले. ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळं होणं सोपं असतं. त्याची किंमत बहुतेक वेळा गरीब गायकच मोजतो.

म्हणून पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी उभं केलेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मुळशीपासून महाराष्ट्रभरच्या गावांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे ‘परी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या, त्या गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव देऊन. ओवीच्या शब्दांवर कायदा त्या बाईचा हक्क मानेलच असं नाही. तिच्या गाण्यावर मात्र मानतो: गायक-वादकांचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, आधी २५ वर्षांचा, १९९९ पासून ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही त्यांना मिळाला. त्यामुळे एखाद्या जात्यावरच्या मुद्रणावर ठेका चढवून ते विकायचं असेल, तर ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी त्या गावी जाऊन त्या बाईला विचारावं लागेल, आणि ती नसेल तर तिच्या वारसांना.