दिव्यांगांसाठी स्कूबा डायव्हिंग : नाव नोंदवण्याआधी वाचायचं पत्रक

हे पत्रक तुमच्यासाठी आणि तुमच्यासोबत येणाऱ्यांसाठी आहे. सराव आम्ही नाशिकच्या जलतरण तलावात घेतो आणि समुद्रात उतरायला मालवणला नेतो. सोबतच्यांनी खरं तर आधी वाचावं. आमच्याकडे चौकशीचे फोन बहुतेक आईचे, बायकोचे नाहीतर भावाचे येतात, आणि ज्याला पाण्यात उतरायचं आहे तो मागून म्हणत असतो, "अगं, मला बोलू दे जरा." पुढच्या वेळी फोन त्याच्याकडेच द्या. प्रश्न आम्ही त्यालाच विचारणार आहोत.

पाय चालत नाहीत, मग पोहणार कसं?

स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर घेऊन पाण्याखाली जाण्यात, पोहण्यापेक्षा तरंगत राहण्याला महत्त्व. अंगावरच्या जॅकेटमध्ये थोडी हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. शिशाची वजनं बेताने लावली की तो पाण्याच्या मधोमध अधांतरी राहतो आणि श्वासाबरोबर वीतभर वरखाली होतो. पुढे सरकायला इतर लोक पायात फिन, म्हणजे रबरी पंख, घालतात. पायांत ताकद नसेल तर बोटांमध्ये पडदा असलेले हातमोजे मिळतात, त्यांनी पाणी मागे लोटायचं. हातही साथ देत नसतील तर जोडीदार सिलेंडरला मागून धरून नेतो. सिलेंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरून ठेवणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पूर्ण चेहरा झाकणारा मास्क असतो. आणि सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवाच गाळून, कोरडी करून सुमारे 200 बार दाबाने भरलेली असते. "ऑक्सिजन लावून उतरवणार म्हणजे काहीतरी भयंकर असणार" असं घरी कुणी म्हणालं तर एवढं सांगा.

पायांची गंमत वेगळीच आहे. लकवा किंवा पोलिओमुळे बारीक झालेले पाय पाण्यात हलके होतात, त्यात वेटसूटचं, म्हणजे अंगावरच्या डायव्हिंगच्या पोशाखाचं, रबर आणखी हलकं. मग पाय वर आणि डोकं खाली अशी अवस्था होते. उपाय साधा आहे: घोट्यांना छोटी वजनं, गुडघ्यांभोवती एक पट्टा. पण वजन किती आणि कुठे, हे प्रत्येकाचं निराळं असतं. उजव्या पायात कडकपणा जास्त असेल तर सगळं अंग एका कुशीवर कलतं, मग अर्धा किलो डाव्या बाजूला सरकवून पाहायचं. तलावातलं पहिलं सत्र बरंचसं याच उद्योगात जातं. कंटाळवाणं आहे, पण समुद्रात लाटांवर हलत हे करत बसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

दाखल्यावरचे टक्के

दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 40 टक्के लिहिलंय की 80, याला पाण्यात फारसा अर्थ नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जिम गॅटेकर यांनी 1981 साली 'हॅंडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन' सुरू केली. तिच्या पद्धतीत माणसाला पाण्यात काय करता येतं एवढंच पाहतात. स्वतःला सांभाळून जोडीदारालाही मदत करू शकणाऱ्याला 'ए' पातळी, त्याला एक जोडीदार पुरतो. स्वतःचं नीट करतो पण अडचणीत दुसऱ्याला वाचवू शकत नाही, तो 'बी', सोबत दोघे. ज्याला पाण्याखाली स्वतःच्या गोष्टींसाठीही मदत लागते तो 'सी'. त्याच्याही सोबत दोघे, पण त्यातला एक बचावाचं शिक्षण घेतलेला. डायव्हिंग शिकवणाऱ्या 'पॅडी' या मोठ्या संस्थेनेही 2017 मध्ये दिव्यांगांसोबत काम करण्याचा वेगळा कोर्स आणला. आम्ही माणसं किती लावायची ते याच हिशेबाने ठरवतो, म्हणून दरपत्रकात एकाच सहलीचे दोन-तीन दर दिसतील. घासाघीस जरूर करा, फक्त "एक माणूस कमी करा" एवढं म्हणू नका.

डॉक्टरांचं पत्र

हे लागतंच. "आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, सही देतील" हे उपयोगाचं नाही. तुमचा आजार ज्यांना माहीत आहे त्यांचीच सही हवी. मिरगी म्हणजे फिट्स येत असतील, पूर्वी फुप्फुसातून हवा गळून ते आकसलं असेल, दमा आटोक्यात नसेल किंवा गरोदरपण असेल तर आम्ही उतरवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. डोक्यात शंट (साठलेलं पाणी काढणारी नळी), पोटात औषधाचा पंप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर ते किती खोलीपर्यंत चालतं, हे ते बसवणाऱ्यांकडून लिहून आणा. अंग आखडू नये म्हणून बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिने गुंगी येते.

मणक्याला मार लागलेल्यांसाठी पुढचं जरा सावकाश वाचा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याच्या वर असेल तर मूत्राशय तुंबणं, पट्टा घट्ट बसणं, खाली खडा टोचणं एवढ्यानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, मानेवर-चेहऱ्यावर घाम फुटतो. असं झालं की ताबडतोब वर, उठून बसवायचं, पट्टे सैल, कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी कुठे मुडपली आहे का ते आधी पाहायचं, आणि तरी रक्तदाब उतरला नाही तर थेट दवाखाना. म्हणून कॅथेटरला क्लॅम्प लावून उतरायचं नाही. पिशवी रिकामी करून, नळी मोकळी ठेवून उतरायचं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट कुणी आपणहून बोलत नाही. बाहेर जायचं म्हटलं की व्हीलचेअरवरची माणसं, विशेषतः बायका, सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत धड संडास-बाथरूम मिळेल याची खात्री नसते. डायव्हिंगच्या दिवशी हे चालणार नाही. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि शरीरात पाणी कमी असेल तर वर आल्यावर तो त्रास देण्याची शक्यता वाढते. सोयीची जबाबदारी आमची. चेअर आत जाईल असं दार असलेलीच राहण्याची जागा आम्ही घेतो. दार टेपने मोजून घेतो, मालकाच्या शब्दावर नाही. तुम्ही फक्त पाणी प्या.

जिथे संवेदना नाही तिथली कातडी आम्ही पाण्यात उतरण्याआधी आणि नंतर पाहतो, किंवा तुमच्या माणसाला पाहायला सांगतो. मालवणच्या उन्हात होडीचा पत्रा आणि इंजिनाजवळची फळी चांगलीच तापते. पाय तिला टेकलेला आहे हे कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. तसंच काठावरून वर ओढताना बूड घासलं जातं. म्हणून काठावर जाड फोमची पट्टी टाकतो, सिलेंडर आणि वजनं पाण्यातच काढून घेतो आणि मग वरून दोघं, खालून एक अशा पद्धतीने उचलतो. पायांत जाड मोजे सक्तीचे. आधीच बेडसोर (बसून-झोपून दाबाने झालेली जखम) असेल तर तो पूर्ण भरेपर्यंत थांबा.

दिसत नसेल, ऐकू येत नसेल तर

कर्णबधिरांना आम्ही फार शिकवत नाही, उलट शिकतो. पाण्याखाली सगळ्यांनाच हातांनी बोलावं लागतं आणि इथे ते आमच्या कितीतरी पुढे असतात. कानाचा पडदा शाबूत हवा. श्रवणयंत्र किनाऱ्यावर काढून ठेवायचं. एक खूण मात्र सगळ्यांनी घोकायची: अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. मस्त चाललंय हे दाखवायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आनंदाच्या भरात अंगठा दाखवला की आम्ही खरंच वर घेऊन येतो, मग रुसायचं नाही.

अंधांसोबत खुणा स्पर्शाच्या असतात. दंड एकदा दाबला तर ठीक आहेस का, दोनदा दाबला तर वर जायचं, असं तलावातच ठरवून घेतो. प्रवाळांना हात लावता येणार नाही; वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि मालवणचा हा पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वाळू, नांगराचा दोर, रिकामे शिंपले आणि आपल्याच बुडबुड्यांचा आवाज, यांवर भागवावं लागतं. तेवढंही पुष्कळांना पुरतं, पण आधी सांगितलेलं बरं.

सराव नाशिकमध्ये, समुद्र मालवणला

"गंगापूर धरण एवढं जवळ असताना मालवण कशाला?" हा खास नाशिककरांचा प्रश्न. धरणाच्या गढूळ पाण्यात हातभर पुढचं दिसत नाही, तळाशी चिखल, आणि शिकणारा माणूस नजरेआड झाला तर आम्ही तो धोका घेणार नाही. म्हणून सराव शहरातल्या खासगी तलावात. हिवाळ्यात इथलं पाणी गार पडतं, पोलिओ झालेल्यांना आणि मणक्याच्या इजेत अंगाचं तापमान सांभाळता न येणाऱ्यांना ते सोसत नाही. त्यांनी डिसेंबर-जानेवारी सोडून यावं.

तलावात तीन गोष्टी जमल्याशिवाय समुद्र नाही: रेग्युलेटर तोंडातून निसटला तर परत घेणं किंवा जोडीदाराला खूण करणं, मास्कमधलं पाणी काढणं आणि कान मोकळे करणं. दहा मीटरवर दाब किनाऱ्याच्या दुप्पट होतो, पण कानाला दडा बसायला दोन मीटरही पुरतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं. हात नाकापर्यंत पोचत नसेल तर चिमटी जोडीदार धरतो, किंवा गिळून नि जबडा हलवून जमतं का ते पाहतो. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. पोहताना श्वास धरायची सवय असलेल्यांना हे सोडायला वेळ लागतो.

मालवणला जाताना जास्त त्रास वाळूचा होतो. चेअरची पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून चेअर उलटी करून मागे ओढत न्यायची, आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंगला तेल. बॅटरीची चेअर नाशिकलाच ठेवा. कृत्रिम पाय पाण्यात चालणारा नसेल तर होडीत चढण्याआधी काढून कोरड्या पिशवीत. आणि छायाचित्रांत दिसतं तसं निळंशार पाणी रोज मिळत नाही. मालवणला कधी स्वच्छ दिसतं, कधी चार हातांपुढे धूसर. तेवढ्यासाठी जायचं असेल तर अंदमानला जा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. पावसाळ्यात सगळं बंद असतं.

परतीच्या प्रवासाबद्दल लोक हमखास वाद घालतात. डायव्हिंगनंतर लगेच उंचावर गेलं तर विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. विमानासाठी नियम असा की एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि अनेक केल्या असतील तर 18 तास थांबायचं. आता नाशिकच समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे आणि मध्ये घाट चढावा लागतो. म्हणून शेवटची डाइव्ह झाल्यावर आम्ही त्या रात्री मुक्काम करतो. "रात्रीच निघू, सकाळी ड्युटी आहे" असं असेल तर एक दिवस जास्त रजा टाका. रेल्वेने येणाऱ्यांनी दिव्यांग सवलतीची कागदपत्रं आधीच तपासून घ्यावीत. सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते.

याने पाय परत चालतील का, असं काही जण चाचरत विचारतात. नाही. पाण्यातून आल्यावर अंगाचा ताठरपणा काही वेळ कमी वाटतो असं पुष्कळ जण सांगतात, आणि परदेशात माजी सैनिकांच्या लहान गटांवर त्याचा अभ्यासही झाला आहे. पण आम्ही फिजिओथेरपिस्ट नाही आणि उपचार म्हणून हे विकत नाही. फिजिओ चालू ठेवा.

पहिल्या भेटीला डॉक्टरांचं पत्र, चालू औषधांची यादी, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत आणि चेअरवर रोज वापरता ती गादी घेऊन या. होडीच्या फळीवर बसायला तीच लागेल. भेटीचे पैसे नाहीत. तलावात उतरून नको वाटलं तर त्या सत्रापुरतेच पैसे घेतो. मालवणला जाऊन समुद्र खवळलेला असेल तर होडी निघणार की नाही हे तिथला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ठरवतो, आम्ही नाही आणि तुम्हीही नाही. त्या वेळी डायव्हिंगचे पैसे परत मिळतील, राहण्या-जेवणाचे मिळणार नाहीत.