बॅलीकिलक्लाइन : एका आयरिश टाउनलँडची जमीन आणि माणसे

आयर्लंडच्या ग्रामीण भागात पत्ता सांगताना आजही रस्त्याचे नव्हे, टाउनलँडचे नाव सांगतात. नावात ‘टाउन’ असले तरी तिथे वस्ती असेलच असे नाही. स्वतःचे नाव आणि ठरलेली शीव असलेला जमिनीचा सर्वांत लहान भाग म्हणजे टाउनलँड. आपल्याकडचा ‘मौजा’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. त्यांच्यावर पॅरिश, मग बॅरनी आणि मग काउंटी अशी चढण आहे. शीव बहुतेक ठिकाणी ओढा, दलदल किंवा जुना चर-बांध पाहून ठरलेली असते. नावे आयरिश भाषेतली. ‘बॅली’ म्हणजे बाले, ठिकाण किंवा वस्ती. ‘किल’ बहुधा किल्ल, म्हणजे जुने चर्च. ‘कॅरो’ म्हणजे केहरू, जमिनीचा चौथा हिस्सा.

रॉसकॉमन काउंटीत स्ट्रोक्सटाउनच्या ईशान्येला, किलग्लास पॅरिशमधल्या सरोवरांच्या आणि दलदलीच्या पट्ट्यात बॅलीकिलक्लाइन नावाचा सुमारे ६०० एकरांचा टाउनलँड आहे. १८४१ मध्ये तिथे जवळपास ५०० माणसे राहत होती. १८४८ च्या मध्यापर्यंत तिथल्या कुळांची वस्ती उठली होती. या रिकामेपणाचे खापर सहसा बटाट्यावरच्या रोगावर फोडले जाते. रोगाने पीक मारले हे खरे, पण माणसे कोणत्या कारणाने, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या खर्चाने गेली, हे जमिनीच्या कागदांतच दिसते.

कागद वाचण्याआधी मापे समजून घ्यावी लागतात. इंग्रजी एकरात ४ रूड आणि एका रूडमध्ये ४० पर्च. आपल्या हिशोबात १ रूड म्हणजे १० गुंठे आणि ४ पर्च म्हणजे १ गुंठा, कारण आपला ४० गुंठ्यांचा एकर तोच इंग्रजी एकर आहे. आयरिश एकर मात्र मोठा. त्यात ७,८४० चौरस यार्ड भरतात, म्हणजे जवळपास ६५ गुंठे. जुने पट्टे (जमिनीचे भाडेकरार) आणि चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या दशांश-कराच्या वह्या अनेकदा आयरिश एकरात आहेत, तर १८३० च्या दशकानंतरचे नकाशे आणि मूल्यांकन इंग्रजी एकरात. हा फरक सुटला की कुळाची जमीन दोन कागदांच्या मधल्या काळात दीडपट वाढल्यासारखी दिसते आणि त्याने शेजाऱ्याची जमीन घेतली असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जमिनीची मालकी सतराव्या शतकात उलटीपालटी झाली. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या युद्धानंतर कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त झाल्या आणि अनेकांना शॅनन नदीच्या पश्चिमेला, कॉनॉटमध्ये हलवण्यात आले. स्ट्रोक्सटाउनच्या परिसरात माहोन घराण्याचा जम त्याच काळात बसला. बॅलीकिलक्लाइन मात्र त्यांच्या मालकीचे नव्हते. ती जमीन ब्रिटिश राजसत्तेची होती आणि माहोन घराण्याकडे ती मुदतीच्या पट्ट्याने होती. पट्टेदार वर ठरलेला खंड भरायचा, खाली कुळांना जमीन लावून जास्त खंड घ्यायचा आणि मधला फरक त्याचा. कुळेही पोटकुळे ठेवत. सर्वांत खाली फक्त झोपडी आणि बटाट्याचा तुकडा असलेले मजूर. बटाट्याचा हा तुकडा ‘कोनेकर’ पद्धतीने, एका पिकापुरता, सुमारे ११ महिन्यांच्या बोलीवर मिळे आणि त्यावर कुळहक्क लागत नसे.

कसण्याची पद्धत ‘रंडेल’. अनेक कुटुंबे मिळून जमीन घेत आणि चांगली, मध्यम, पाणथळ अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येकाला पट्टी मिळे. एकाच कुळाच्या पट्ट्या दहा ठिकाणी विखुरलेल्या असत. घरे मध्ये दाटीने, भोवती नांगरटीची जमीन, त्यापलीकडे चराई आणि जळणासाठी पीट (दलदलीतली वाळवून जाळण्याची माती) काढण्याची दलदल. न्याय्य वाटपाच्या दृष्टीने पद्धत उत्तम होती. अडचण दोन ठिकाणी येई. खंडाची जबाबदारी सामाईक, त्यामुळे एकाची थकबाकी सगळ्यांच्या अंगावर. आणि दर पिढीत मुलांमध्ये वाटणी, त्यामुळे पट्टी अरुंद होत जाई. खंड मे आणि नोव्हेंबर असा दोन हप्त्यांत देय असे. नव्या कुळाला पहिला हप्ता सहा महिने मागे ठेवण्याची सवलत बहुतेक ठिकाणी होती. ती सवलत दिसायला उदार, पण तिच्यामुळे कूळ पहिल्या दिवसापासून थकबाकीदार ठरे आणि बेदखलीचा दावा केव्हाही लावता येई.

एवढ्या लहान तुकड्यांवर माणसे जगली ती बटाट्याच्या जोरावर. लागवडीसाठी ‘लेझी बेड’ नावाचे वाफे करत. गवताळ जमिनीवर सुमारे मीटरभर रुंद पट्टा आखायचा, त्यावर शेण पसरायचे, डोळे असलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवायच्या, दोन्ही बाजूंची हरळी उलटवून त्यावर झाकायची आणि मधल्या चरातली माती वर ओढायची. चरातून पाणी निघून जाई, म्हणून नांगर न चालणाऱ्या ओल्या उतारावरही पीक येई. एकर-दीड एकरात पाच-सहा माणसांचे कुटुंब बहुतेक वर्षभर जेवे. राबणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई आणि त्यासोबत ताक असे. ‘लंपर’ ही जात कमी खतावर भरपूर येई म्हणून गरिबांत पसरली. ती फार टिकत नसे, त्यामुळे जून ते ऑगस्ट हे जुना साठा संपून नवे पीक न आलेले महिने दर वर्षी उपासमारीचे जात. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाआधीही हे नेमाने घडत होते. १८४१ च्या जनगणनेने घरांच्या चार प्रती पाडल्या. सर्वांत खालची प्रत म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी, आणि देशातली सुमारे चाळीस टक्के कुटुंबे त्या प्रतीत होती.

१८३४ मध्ये माहोन घराण्याचा पट्टा संपला. राजसत्तेने तो पुन्हा दिला नाही आणि कुळांकडून खंड थेट मागितला. मधला माणूस गेल्याने कुळांचे भले व्हायला हवे होते. पण थकबाकीचा हिशोब नव्या अधिकाऱ्यांनी काटेकोरपणे लावला. कुळांनी खंड देणे थांबवले, वकील केला, वर्गणी काढली, न्यायालयात प्रतिवादी म्हणून उभे राहिले. ज्यांना घराबाहेर काढले त्यांतले काही पुन्हा घरात शिरले. हा खंडबंदीचा लढा बारा-तेरा वर्षे चालला. खासगी जमीनदाराने एवढा काळ वाट पाहिली नसती. सरकारी कारभाराचा संथपणा आणि लंडनशी चालणारा पत्रव्यवहार यांनी कुळांना वेळ दिला. इतिहासासाठी त्याचा मोठा उपयोग झाला, कारण तो पत्रव्यवहार १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे छापून आला आणि सामान्य कुळांबद्दल एरवी न मिळणारा तपशील टिकून राहिला.

मग रोग आला. फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स हा रोगकारक जीव १८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये दिसला. दमट, थंड हवेत त्याचे बीजाणू पानांवर वाढतात आणि पावसाबरोबर मातीत उतरून कंदात शिरतात. म्हणून खणताना चांगला दिसलेला बटाटा खड्ड्यात साठवल्यावर सडला. १८४६ चे पीक जवळजवळ पूर्ण गेले. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण बियाणेच खाऊन संपले होते, म्हणून लागवड अगदी थोडी झाली. १८४८ मध्ये रोग परतला.

दोन कायद्यांनी भुकेचे रूपांतर बेदखलीत केले. १८४३ च्या कायद्याने ४ पौंड किंवा त्याहून कमी वार्षिक मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-कर (गरिबांच्या मदतीसाठीचा कर) कुळाऐवजी जमीनदाराने भरायचा होता. लहान कुळे जितकी जास्त, तितका जमीनदाराचा कर जास्त. ती हटवली आणि झोपडी पाडली की कर वाचला. दुसरे, १८४७ चे ग्रेगरी कलम. ज्याच्याकडे पाव एकराहून, म्हणजे १० गुंठ्यांहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. मदत हवी तर जमीन सोडा. हे कलम करणाऱ्यांना त्याचा परिणाम ठाऊक नव्हता असे म्हणायला मला जागा दिसत नाही.

शेजारच्या माहोन जमीनदारीत १८४७ मध्ये मेजर डेनिस माहोन याने सुमारे हजार माणसे लिव्हरपूलमार्गे कॅनडातल्या क्विबेकला पाठवली. त्यांतल्या काहींना नेणाऱ्या ‘व्हर्जिनियस’ जहाजावर ४७६ प्रवासी होते आणि १५८ जण वाटेतच मेले. २ नोव्हेंबर १८४७ रोजी मेजर माहोनची गोळी घालून हत्या झाली. बॅलीकिलक्लाइनच्या कुळांपुढे राजसत्तेने त्याच वर्षी वेगळा सौदा ठेवला : ताबा शांतपणे सोडा, न्यूयॉर्कचा प्रवासखर्च सरकार देईल. १८४७ च्या शरद ऋतूपासून १८४८ च्या वसंतापर्यंत साडेतीनशेहून अधिक माणसे तुकड्यातुकड्यांनी डब्लिनला, तिथून बोटीने लिव्हरपूलला आणि पुढे न्यूयॉर्कला गेली. मागे घरे पाडली गेली. काही कुटुंबे अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातल्या रटलंडच्या संगमरवराच्या खाणींजवळ स्थिरावली.

रॉसकॉमन काउंटीची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे २ लाख ५३ हजार होती, १८५१ मध्ये १ लाख ७३ हजार. त्यानंतर दुष्काळ संपला तरी उतार थांबला नाही. १९०१ मध्ये आकडा सुमारे १ लाख १ हजारावर आला. कारण वारसाची रीत बदलली होती. वाटणी बंद झाली, सगळी जमीन एका मुलाकडे, एका मुलीला हुंडा आणि बाकीच्यांना जहाजाचे तिकीट. मोकळ्या जमिनीवर मेंढ्या आणि गुरे आली, आणि चराईला माणसे थोडी लागतात. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने कुळे मालक होऊ लागली. सरकारने उचललेली किंमत ३.२५ टक्क्यांच्या वार्षिक हप्त्याने ६८ वर्षे ६ महिने फेडायची होती. पण जे आधीच गेले होते त्यांच्यासाठी हा कायदा उशिरा आला.

आता एखाद्या टाउनलँडचा असा माग काढायचा तर कागद कोणी आणि कशासाठी केला हे आधी पाहावे. दशांश-कराच्या वह्यांत (१८२३–३७) करपात्र जमीन कसणारेच आहेत; कोनेकरवाला मजूर तिथे नाहीच. जनगणनेचे १८२१ ते १८५१ चे घरोघरचे अर्ज १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालय-संकुलात जळाले आणि १८६१ ते १८९१ चे सरकारनेच नष्ट केले होते. म्हणून नावानिशी संपूर्ण जनगणना १९०१ पासून मिळते. पण १८५१ च्या छापील खंडांत प्रत्येक टाउनलँडपुढे १८४१ आणि १८५१ ची माणसे आणि घरे शेजारी-शेजारी दिली आहेत. तिथून सुरुवात करावी.

मधली पोकळी ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमिनी-घरांची देशभरची किंमत-यादी, भरते. त्याच्या पायाशी कर्नल थॉमस कोल्बीची मैलाला सहा इंच प्रमाणाची मोजणी आहे. (कोल्बीच्या तापमानाने लांबी न बदलणाऱ्या पट्ट्या जॉर्ज एव्हरेस्टने हिंदुस्थानात आणल्या.) या मूल्यांकनात प्रत्येक धारकापुढे नकाशा-क्रमांक, त्याला जमीन लावून देणारा, क्षेत्र, जमिनीचे आणि इमारतींचे मूल्य आहे. क्रमांकासोबतचे मोठे (कॅपिटल) इंग्रजी अक्षर म्हणजे विखुरलेला तुकडा, लहान अक्षर म्हणजे घर. अनेक नावे एका कंसात दिसली तर तिथे सामाईक भूधारणा, बहुधा रंडेल, शिल्लक आहे असे समजावे. रॉसकॉमनचे मूल्यांकन १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात छापले गेले, म्हणजे बॅलीकिलक्लाइन रिकामे झाल्यानंतर. तिथे १८४० ची नावे शोधत बसणारा हमखास फसतो. त्या नावांसाठी संसदेपुढचे छापील कागद आणि जहाजांच्या याद्याच पाहाव्या लागतात.

१९९८ पासून काही वर्षे पुरातत्त्वज्ञ चार्ल्स ऑर्सर यांनी तिथे उत्खनन केले. पाडलेल्या घरांच्या मातीत इंग्लंडमध्ये बनलेल्या नक्षीदार चिनी मातीच्या बशा-कपांचे तुकडे मोठ्या संख्येने निघाले. ही कुळे सरकारी पत्रांत दिसतात तशी केवळ दरिद्री आणि बंडखोर नव्हती, ती बाजारात जाऊन आपल्या आवडीची भांडी घेत होती.