दमट हवा जड नसते

'दमट हवा जड असते, म्हणून विमानाला आधार जास्त मिळतो' हा जुना समज साफ चुकीचा आहे. पाण्याच्या रेणूचा भार 18, कोरड्या हवेचा सरासरी 29. बाष्प मिसळलं की हवा हलकीच होते. उष्णतेचा परिणाम तर याहून कितीतरी मोठा. अमेरिकेत कोलोराडोतलं लेडव्हिल विमानतळ 9,934 फुटांवर आहे. तिथे दाब सरासरीइतका असला तरी 25 अंश सेल्सिअसला हवेची घनता जवळजवळ 13,500 फुटांवरच्यासारखी होते, आणि सेसना 172 या छोट्या विमानाची उडण्याची कमाल उंचीच 14,000 फुटांच्या आसपास! अशा विरळ हवेत इंजिन, प्रोपेलर, पंख, तिन्ही दुबळे पडतात. त्यात सर्वांत धोकादायक मला हे वाटतं: समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग सांगणारा वेगदर्शक नेहमीचाच आकडा दाखवतो, पण चाकं जमिनीवर त्याहून जास्त वेगाने धावत असतात आणि धावपट्टी संपत येते. म्हणून तिथून पहाटेच्या गारव्यात, कमी वजन घेऊन निघावं.